खंजिरी आणि झटक्याचा पट्टा

१७ नोव्हेंबर, अमरावती

दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर आज पुन्हा एक लॅब्रेडॉर बसला, तो उठेचना. मालक दोरी ओढून थकले. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे कोडे कधी ना कधी पाहिलेले असते. सुई टोचली जाते आत, टेबलावर. टोचणारी मी. मग कुत्रा थिजतो तो बाहेरच्या निरुपद्रवी वळणाशी, औषधाच्या दुकानाच्या पायरीजवळ. असे का? काही कुत्रे तर घरी गाडीची किल्ली वाजली की पलंगाखाली जातात.

वेदनेचे कारण शोधण्याच्या भानगडीत कुत्रा पडत नाही. वेदनेच्या आधी काय घडले, ते तो लक्षात ठेवतो. कारण जे आधी येते तेच त्याला सावध करू शकते. वळण आधी येते, सुई नंतर. त्याच्या दृष्टीने त्याचे गणित अगदी बरोबर आहे. इतकी वर्षे हे पाहते आहे, तरी दर वेळी मनापासून कौतुक वाटते.

दुपारी तिवशाकडून प्रमोद नावाच्या संत्रा बागायतदाराचा फोन. आवाज घाबरा. "मॅडम, कुत्र्यानं आमच्या बाबालेच दात दाखवले. पिसाळला का जी तो?" लसी वेळेवर झालेल्या आहेत, खाणेपिणे नीट आहे, पाण्याला घाबरत नाही. बहुधा पिसाळलेला नाही. उद्या जाते.

१८ नोव्हेंबर

नांदगाव पेठ, मोझरी, मग तिवशाच्या अलीकडे डावीकडे वळले. घर वावरातच. नागपूर रोड फाटकापासून हाकेच्या अंतरावर. ट्रकांचा आवाज सतत येत असतो.

घरात तिघे. प्रमोद, त्याची बायको सुनंदा आणि प्रमोदचे वडील, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात. चौथा ठाणेदार. गावठी, तपकिरी, एक कान मुडपलेला. पिल्लू असल्यापासून फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी करतो, म्हणून हे नाव. यापुढे लिहिताना ठा.

आबाजींचा नेम असा: सूर्य मावळताना अंगणात सतरंजी टाकून प्रार्थना करायची, हातात खंजिरी. आबाजींची बायको गेल्यापासून शेजारी ठा. असायचा, त्यांच्या पायावर हनुवटी टेकून. सुनंदा म्हणाली, प्रार्थना संपेपर्यंत तो हलायचा नाही, माशी बसली तरी.

दिवाळीपासून हे बिघडले. प्रार्थनेची वेळ झाली की ठा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातो. परवा आबाजी खंजिरी हातात घेऊनच वाकले, त्याला बोलवायला. तेव्हा त्याने ओठ वर करून दात दाखवले. चावला नाही. त्या दिवसापासून आबाजींनी घरची प्रार्थना बंद केली आहे आणि जेवण अर्धे.

आबाजी माझ्याशी बोलले ते ट्रॉलीकडे पाहत. "बाई, म्या त्याले कधी हात नाई लावला. माह्यावरच काहून?"

प्रमोदने मला बाजूला नेऊन स्पष्ट केले की उद्या म्हाताऱ्याला चावला तर काय, म्हणून संक्रांतीपर्यंत वाट पाहणार. नाहीतर अकोल्याला साळ्याच्या गोदामावर पाठवणार, साखळीला. सांगताना त्याचा स्वतःचाच चेहरा पडला होता.

ठा.च्या गळ्यात काळा जाड पट्टा दिसला. विचारले. प्रमोदने हौसेने सांगितले. संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाई, हरभऱ्यात उतरतात, त्यांच्यामागे ठा. धावतो, रोही रोड ओलांडतात, मागोमाग हाही. दिवाळीच्या सुमारास ट्रकखाली जाता जाता वाचला. म्हणून प्रमोदने रिमोटवर चालणारा झटक्याचा पट्टा मागवला. "वावराले झटका मशीन लावली तवापासून रोही त्या तारेकडं फिरकत नाई. म्हटलं तेच ह्याच्या गयात बांधू." हरभऱ्याची बाजू तेवढी तारेविना राहिली आहे. आणि पट्टा लागूही पडला: ठा. आता रोडकडे जात नाही.

मी रागावले नाही. रागावण्यासारखे काही नव्हतेच. कुत्रा जिवंत राहावा म्हणून केलेली गोष्ट होती, आणि कुत्रा जिवंत होता. पट्टा मात्र काढायला लावला. दोन धातूची टोके जिथे टेकतात तिथे केस गेलेले, दोन लालसर खड्डे. प्रमोदला वाटले भाजले. तसे नसते. पट्टा दिवसभर आवळून ठेवला की टोकांच्या दाबानेच कातडी झिजते. धुऊन मलम लावले. ठा.ने सगळे करू दिले, शेवटी माझा हात चाटला. आभारी आहे, ठाणेदार साहेब.

२० नोव्हेंबर

आज चाचणी. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे.

आबाजी नुसते आले. शेपटी हलली. आबाजी काठी घेऊन आले. शेपटी. टोपी बदलून, खोकत, वाकून. शेपटी, आणि हनुवटी पायावर. सतरंजी टाकली, आबाजींनी प्रार्थनेच्या ओळी नुसत्या तोंडाने म्हटल्या. ठा. सतरंजीवर येऊन बसला! आबाजींनी ओळ पूर्ण केली.

मग सुनंदाला खंजिरी टॉवेलात गुंडाळून आणायला सांगितली. आणेपर्यंत काही नाही. टॉवेल किंचित सैल झाला, एक चकती खणकली, आणि ठा. ट्रॉलीखाली. हे सगळे भर सकाळी, हातात वाद्य सुनंदाच्या, आबाजी दूर. म्हणजे माणूस नव्हे, वेळ नव्हे, आवाज.

प्रमोदला विचारले, बटण दाबायचास तेव्हा काय वाजत होते? तो सांगायला लागला की रोही उतरतात दिवस बुडताना, तेव्हा मी फाटकाशी उभा राहतो, आणि मागे बाबा... इथे तो थांबला. पुढचे मला सांगावे लागले नाही.

रोज तीच वेळ. खंजिरी सुरू होते, थोड्याच वेळात रोही दिसतात, माशीला न हलणारा ठा. तेवढ्यासाठी झेपावतो, मानेला झटका बसतो. आपल्याला माहीत आहे की झटका धावण्याबद्दल होता. ठा.ला ते कळण्याचा मार्गच नव्हता. त्याने एवढेच टिपले की ही चकती खणकली की मानेला काहीतरी चावते. दवाखान्याचे वळण!

प्रमोदने स्वतःच जाऊन आबाजींना सांगितले. मी लांब राहिले, तरी ऐकू आले. आबाजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे भजन माह्यं अन् परसाद तुह्या हातचा."

सुनंदा हसली, मग प्रमोदही, मग दोघेही हसायचे थांबले. आबाजी उठून ट्रॉलीपाशी गेले, खंजिरीशिवाय, आणि तिथे मातीतच बसले. कुत्र्याने आपल्याला टाकलेले नाही, हे त्यांना कळले होते. निदान तेवढे आज मिळाले.

२३ नोव्हेंबर, अमरावती

प्रमोदचा प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण प्रश्न फार चांगला आहे. "मॅडम, तोच झटका रोह्याले समजते, मंग ह्याले काहून नाई समजत?"

फोनवर नीट सांगितले, इथे टिपून ठेवते.

तार दिसते. रोही स्वतः तिला नाक लावतो, त्याच क्षणी झटका बसतो, मागे सरकताच थांबतो. दर वेळी तीच तार, तीच जागा. तार कधी चुकत नाही, चिडत नाही, उशीर करत नाही. तारेपासून दूर राहिले की सुखाने चरता येते, हे रोह्याला पहिल्याच भेटीत कळते.

गळ्यातल्या पट्ट्याला जागा नाही. झटका हवेतून येतो. बटण माणसाच्या अंगठ्याखाली. डोळ्याने पाहायचे, मनाने ठरवायचे, मग दाबायचे, तोवर कुत्रा दुसऱ्याच कशाकडे पाहत असतो किंवा दुसरेच काही ऐकत असतो. मागे सरकायचे तर कशापासून? तार त्याच्याच गळ्यात आहे. म्हणून तो जे हाताला लागेल त्याला दोषी धरतो. इथे खंजिरी लागली.

प्रमोद म्हणाला, "म्हंजे मशीन सारखीच, पण तार शहाणी अन् मी येडा." मी म्हटले, वेडा नाही, उशिरा. त्याला ते पटले. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा असे विद्यार्थी वर्गात क्वचितच मिळायचे.

१ डिसेंबर, अकोला

प्रज्ञाकडे. बँकेत अधिकारी आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. तिची कुत्री चंपी जन्मापासून बहिरी. हिच्याही गळ्यात रिमोटचाच पट्टा! फक्त झटका कायमचा बंद, नुसती थरथर चालू.

प्रज्ञाने थरथरीचा अर्थ आधी शिकवला. मोबाइल खिशात थरथरतो तसा पट्टा क्षणभर थरथरला की लगेच भाकरीचा तुकडा, घरात, शांतपणे, पुन्हा पुन्हा. आता मैदानात चंपी कितीही दूर असो, थरथर झाली की मान गर्रकन वळते आणि ती प्रज्ञाकडे उधळत येते. कानाचे काम मान करते.

यंत्र एकच, एका घरी बोलावणे, एका घरी भीती. म्हणून "पट्टा वाईट" असे सरसकट वाक्य मी म्हणणार नाही. थरथर कुत्र्याला काय सांगते, हे त्याला आधी कोणी शिकवले की नाही, तिथे सगळे ठरते. प्रज्ञाची आई म्हणाली, "आमची चंपी आमच्याहून लवकर ऐकते, अन् प्रज्ञाचा भाऊ कान असून ऐकत नाई." भाऊ तिथेच बसला होता, त्याने ऐकले नाही.

५ डिसेंबर

तिवसा. दोन कामे, वेगवेगळी. (१) रोही दिसले तरी हाकेला वळणे. (२) खंजिरीचा आवाज पुन्हा गोड करणे.

पहिल्यासाठी लांब दोर, म्हणजे चूक झालीच तर तो रोडपर्यंत पोचत नाही. शिवाय मोबदला तगडा हवा. पाठलाग हीच कुत्र्याची मेजवानी. तिच्यासमोर कोरडी भाकर कोण विचारतो? घरात अंडेही चालत नाही. सुनंदाने तूप कढवल्यावर तळाला उरलेली बेरी दाखवली. भिंतीपलीकडून ठा.चे हुंगणे ऐकू आले. ठरले: बेरी.

दुसऱ्यासाठी क्रम महत्त्वाचा. खंजिरी टॉवेलात, अंगणाच्या पार टोकाला. आधी अगदी दबलेला खणका, मग बेरी. आवाज आधी, खाऊ नंतर.

इथे अडचण आबाजींची. त्यांना खाऊ आधी दिल्याशिवाय राहवत नाही. "उपाशीपोटी कोन भजन आइकते बाई?" दोनदा बेरी आधी दिली, मग खणका केला. तिसऱ्या वेळी ठा. बेरीकडेच संशयाने पाहू लागला! क्रम उलटला की खाऊच इशारा बनतो. आबाजींना दाखवले: पाहा, तुमच्या बेरीलाही आता तो वळणच समजतो आहे. त्यांनी मान डोलावली, खंजिरी सुनंदाकडे दिली, बेरीची वाटी स्वतःकडे ठेवली. दोन माणसे, दोन कामे. आवाज झाल्यावरच आबाजींनी वाटीत बोटे घालायची. मग सुरळीत.

१४ डिसेंबर

हाक म्हणून प्रमोदची शिट्टी ठरवली होती. अपयश. कारण वैज्ञानिक नाही: प्रमोदच्या तोंडात कायम खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, असतो. सुनंदाच्या शब्दांत, "ह्यायची शिट्टी खर्रा थुकल्याशिवाय निंगत नाई. तवरिक रोही नागपूरले पोचते."

पर्याय सुनंदाचाच: बेरीच्या डब्याचे झाकण डब्यावर दोनदा वाजवायचे. स्टीलचा आवाज वावरभर जातो, तोंड रिकामे असण्याची अट नाही. फक्त मी एक काळजी घेतली. झाकणाचा आवाज खंजिरीच्या चकतीच्या जवळचा वाटला तर? वाजवून पाहिले. ठा. ट्रॉलीखाली गेला नाही, डब्यापाशी आला. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा चोखंदळ.

संध्याकाळी खरेच रोही आले, एक मोठा निळसर नर पुढे. ठा. सुटला. दोर सरसरत गेला. सुनंदाने झाकण वाजवले. तो थबकला, रोह्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. मला त्याची मान वळताना दिसली. आला. प्रमोदने वाटीतली सगळी बेरी एकदम पुढे केली. बरोबर केले. अशा निर्णयाला कंजूष मोबदला देऊ नये.

एकदा आला म्हणजे शिकला असे नाही. दोर अजून बरेच दिवस.

२२ डिसेंबर

घसरण. भजनी मंडळाची माणसे आबाजींची चौकशी करायला आली, हातात खंजिऱ्या तशाच, फाटकातून खणखणाट करत. ठा. दिसेनासा झाला. सुनंदाला तुरीत सापडला, थरथरत.

मंडळातल्या एकाने चिडवले म्हणे, "आबाजी, कुत्र्यासाठी देव सोडला का?" आबाजी म्हणाले, "देव समजदार हाय, तो थांबते. ह्याले समजाले टाइम लागते." मग त्यांनी सगळ्यांना खंजिऱ्या चपलांशेजारी ठेवायला लावल्या आणि प्रार्थना नुसत्या टाळ्यांवर झाली. सुनंदा फोनवर सांगत होती, की एवढी माणसे बिनखंजिरीची बसलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. ठा. शेवटी फाटकापर्यंत आला म्हणे.

प्रमोदचा सूर वेगळा. साळ्याचा अकोल्याहून निरोप आला आहे, गोदामाला राखणदार हवाच आहे, जो काही निर्णय असेल तो कळव. प्रमोद मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. होते का नाई हे?" होईलच असे म्हणाले नाही. होण्यासारखे आहे, आणि घाईने नक्की बिघडेल, एवढे म्हणाले. त्याने ऐकून घेतले. त्याचेही आभार; "होईल" ऐकायला आतुर असलेल्या माणसाने हे ऐकून घेणे सोपे नसते.

मागे दोन पायऱ्या. पुन्हा टॉवेल, पुन्हा अंगणाचे टोक.

४ जानेवारी

टॉवेल गेला. खंजिरी उघडी, आबाजींच्या मांडीवर, न वाजवता. सुनंदा दुसरी खंजिरी घराच्या मागे हळू वाजवते. ठा. आवाज झाला की आता आबाजींच्या बोटांकडे पाहतो. बोटे वाटीत जातात का, इकडे त्याचे लक्ष. ज्या आवाजाने पळायचा त्याच आवाजाने आता वाट पाहतो. इतकी वर्षे हे शिकवले, तरी प्रत्यक्ष होताना पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

मानेचे खड्डे भरले. केस आले.

आबाजी पूर्ण जेवतात. सुनंदाने चहा देताना हे हळूच सांगितले, तेही प्रमोद ऐकणार नाही अशा आवाजात. त्याच्या निर्णयावर दडपण नको म्हणून असावे.

११ जानेवारी

संक्रांत जवळ आली. प्रमोदचे दोन प्रश्न. ठा.ला ठेवायचे का? आणि ठेवायचे तर पट्टा पुन्हा घालायचा का, नुसत्या थरथरीवर, अकोल्याच्या चंपीसारखा? कारण झाकणाचा आवाज रोडच्या गर्दीत कधी विरतो.

दुसरा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, ठा.कडे आहे. विचारायची रीत सांगितली. प्रमोद आतून पट्टा आणायला निघाला, तर आबाजींनी हात आडवा केला. "तुह्या पट्ट्याचं मागून पाय. आधी माह्यं."

ते अंगणाच्या मधोमध बसले, सतरंजीशिवाय. खंजिरी उघड्या तळहातावर. बेरीची वाटी नाही. मी सांगितले तसे तोंड एका बाजूला, संत्र्याच्या झाडांकडे.

ठा. ट्रॉलीच्या सावलीतून निघाला. थोडे पुढे. थांबला. नाक वर. एक पाय उचललेला तसाच राहिला.

"काय करून राहिला तो?" आबाजींनी झाडांकडे पाहतच विचारले. सुनंदाने पदर तोंडाशी धरला होता. ठा.चा पाय अजून वरच होता.

विचारायची रीत अशी, कोणालाही घरी करून पाहता येईल. पट्टा असो, साखळी, मुसके, काठी, ज्या वस्तूबद्दल शंका आहे ती घ्यावी. जमिनीवर बसावे, कुत्र्याकडे तोंड करून नव्हे, आडवे. वस्तू उघड्या तळहातावर, गुडघ्याच्या उंचीला. हाक मारू नये, खाऊ दाखवू नये, डोळ्यांत पाहू नये. तो जवळ येऊन हुंगेल, तर कामाला सुरुवात करता येते. मान फिरवेल, ओठ चाटेल, जांभई देईल, निघून जाईल, तर वस्तू खाली ठेवावी, आणि त्या दिवशी पुन्हा विचारू नये.

उत्तर द्यायला तो घेईल तेवढा वेळ त्याला द्यावा. तोवर बसून राहावे, आज आबाजी बसले आहेत तसे.